यंत्रमानव आणि ओला हार

वरठीच्या मावशीचे आभार आधीच मानून घेते. ही हकीकत सांगायला बसले की मला राग येत जातो आणि आभार मानायचे राहून जातात.

मावशी म्हणजे सख्खी नव्हे. स्टेशनाजवळ तिच्या नवऱ्याचं पंखे आणि मोटरी भरून द्यायचं दुकान होतं. भरणं म्हणजे जळालेली तार काढून तिथे नवी गुंडाळणं. पाटीवर नाव नवऱ्याचं, गिऱ्हाइकांशी बोलणं नवऱ्याचं, आणि मागच्या खोलीत पाटावर बसून तार भरायची मावशी. आमच्या तलावातली मासोळी माझी आई टोपल्यात घालून वरठीला विकायला न्यायची. तिला हाताखाली कोणी हवं म्हणून आठवड्यातले दोन दिवस मी शाळा बुडवून तिच्याबरोबर. मासोळी संपत आली की आई मला मावशीकडे सोडायची. तिथे कायदा एकच. मावशी वेढे मोजत असताना बोलायचं नाही. काही विचारलंच तर ती मोठ्यानं "एकतीस, बत्तीस" म्हणायची. तार बसवायची मोटरमधली एक खाच भरून झाली की मान वर करून उत्तर द्यायची. तोवर मी काय विचारलं होतं ते मीच विसरलेली असायची.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी नववीत होते. भंडाऱ्याला शाळांचं विज्ञान प्रदर्शन होणार होतं आणि आमच्या विज्ञानाच्या सरांनी ठरवलं की आपण यंत्रमानव करायचा. सरांनी यंत्रमानव एका मासिकातल्या चित्रात पाहिला होता. आम्ही तेही पाहिलं नव्हतं. तिघांची तुकडी निवडली. कप्तान म्हणून कचेरीतल्या बाबूंचा मुलगा, कारण तो पुस्तकासारखं बोलायचा. दुसरा आमच्या वर्गातला सगळ्यात उंच पोट्टा, कारण बॅटरी कोणीतरी उचलायला हवी होती. आणि मी, तक्ते लिहायला. "मुलींचं अक्षर चांगलं असते," सर म्हणाले. माझं अक्षर त्यांनी तीन वर्षं तपासलं होतं, तरी असं म्हणाले.

यंत्रमानवानं करायचं काय, हे मुख्याध्यापकांनी ठरवलं. त्यानं प्रमुख पाहुण्यांना हार घालायचा.

मी म्हटलं, "गुरुजी, काही कामाचं करू ना. पाण्यातून जाळं ओढणारा करू."

"पाहुने का तलावावर येऊन राहिले काय?" मुख्याध्यापक म्हणाले. सगळे हसले. कप्तान सगळ्यात जास्त.

मग तेलाच्या दोन पिप्यांचं धड झालं, डब्याचं डोकं, टॉर्चच्या बल्बांचे डोळे. हात वर उचलायला भंगारातून एका ट्रकच्या वायपरची मोटर आणली. ती जळलेली निघाली. सरांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले की मग आपण ज्वालामुखीच करू. ज्वालामुखी आमची शाळा दर वर्षी न्यायची. मी म्हटलं, मोटर मी भरून आणते. तेव्हापासून मोटर माझी झाली आणि तक्ते उंच पोट्ट्याच्या गळ्यात पडले.

हे सगळं मी हौसेनं करत होते असं नाही. माझी हजेरी कमी भरली होती आणि वार्षिक परीक्षेला बसू देणार नाही म्हणून मुख्याध्यापकांनी बाबांना बोलावून सांगितलं होतं. बाबा म्हणाले, मग शाळा सोडू. तेव्हा सर मध्ये पडले. प्रदर्शनात नंबर आला तर हिची हजेरी माफ करा, असं त्यांनी मुख्याध्यापकांकडून कबूल करून घेतलं. म्हणजे माझी दहावी त्या तेलाच्या पिप्यावर टांगलेली होती. रात्री झोपेत मी बटणं दाबायची, असं आई सांगते.

मावशीनं मोटर भरून दिली. सगळी नाही. शेवटच्या दोन खाचा तिनं माझ्याकडून भरून घेतल्या. एक वेढा चुकला तर पूर्ण खाच उसवायला लावली. "एकानं काय होते मावशी?" मी चिडून म्हटलं. "काही नाही होत. पर मग दुसऱ्या बारीनं तू दोन चुकवशीन." निघताना तिनं मोटर माझ्या ओच्यात ठेवली आणि म्हणाली, "एक ध्यानात ठेव पोरी. मोटर अडली का बटन सोडून द्याचं. अडलेल्या मोटरले जोर लावाचा नाही. ते हट्ट नाही करत, जळून जाते."

शाळेत आम्ही महिनाभर सराव केला. खांद्यातल्या कप्पीवरून दोरी, दोरी मोटरच्या फिरकीवर, तारेच्या आकड्यांच्या हातात पतंगी कागदाचा हार. एक बटण दाबलं की हात वर, दुसरं दाबलं की खाली, आणि हार बरोबर उंच पोट्ट्याच्या गळ्यात. कप्तान शेजारी उभा राहून भाषण करायचा. भाषणात "आम्ही" फार होतं. मोटरचं नाव एकदाही नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मुख्याध्यापक स्वतः झेंडूचा हार घेऊन आले. "साहेबाच्या गळ्यात कागद घालता काय? शाळेची काही इज्जत आहे का नाही?" हार चांगला मनगटाएवढा जाड. कोमेजू नये म्हणून तो बादलीत, पाण्यात बुडवून ठेवला. दोन तास.

पाहुणे आले तशी उंच पोट्ट्यानं बादलीतून हार काढला. पाणी निथळत होतं. मी तो हातावर तोलला. मासोळी विकणाऱ्याच्या घरात हाताला वजन कळतं, काट्याची गरज लागत नाही.

"सर, हा किलोच्या वर आहे. मोटर उचलनार नाही. कागदाचा द्या."

सर मुख्याध्यापकांकडे बघत राहिले.

कप्तान म्हणाला, "तुले कोनी इचारलं का? तू बटन सांभाळ." पुस्तकी बोलणं घाईत गळून पडलं होतं.

"निदान पिळून तरी घ्या!"

"हार का लुगडं आहे, पिळाले?" मुख्याध्यापक म्हणाले.

पाहुणे समोर येऊन उभे राहिले. मी बटण दाबलं. हात उठले, पोटापर्यंत आले, छातीपर्यंत आले आणि थांबले. आत मोटर गुरगुरत होती. पाहुणे भले गृहस्थ होते, हसून म्हणाले, "वाकू का थोडा?" आणि वाकून त्यांनी हारात डोकं घातलं. पण हात खाली गेल्याशिवाय हार आकड्यांतून सुटणार नव्हता, आणि ओझ्यानं दोरी कप्पीवरून सरकून अडकली होती, हात ना वर जात होते ना खाली. साहेबांची मान यंत्रमानवाच्या हातात, सदऱ्यावर झेंडूचं पाणी ठिबकतंय, आणि कप्तान भाषण चालूच ठेवतोय.

"दाब ना वो! अजून दाब!" तो भाषणाच्या मध्येच दात आवळून म्हणाला.

मावशीचं बोलणं मला आठवलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. चांगलं आठवलं. पण डोळ्यांसमोर दहावी होती. मी बटण दाबून धरलं. वाटलं, अजून एक क्षण, उठेलच. डब्याच्या मानेतून धूर आला, मग तो वास. मावशीच्या खोलीत कोणी जळकी मोटर आणून ठेवली की येतो तोच. शेवटी सरांनी हातानं हार सोडवला आणि साहेबांना मोकळं केलं.

नंबर ज्वालामुखीचा आला. दुसऱ्या एका शाळेच्या.

माझी हजेरी कोणी माफ केली नाही, परीक्षा हुकली आणि बाबांनी शाळेतून नाव काढलं. मुख्याध्यापकांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. सर नजर चुकवत राहिले. कप्तान मात्र वर्गात सांगत हिंडला, "मोटर कच्ची भरली होती." हे मला आजही सहन होत नाही. मोटर पक्की होती. जाळली मी.

पुढच्या बाजाराला मोटर फडक्यात बांधून मावशीकडे गेले. ती चिडेल म्हणून वाटेत तीन निमित्तं रचली होती. तिनं मोटर उघडली, हुंगली.

"किती येळ दाबून ठेवलं?"

त्यातलं एकही निमित्त सांगवलं नाही. "लय येळ," म्हटलं.

"काहून?"

मी सगळं सांगितलं, हार, बादली, हजेरी, शाळा. बोलता बोलता रडू फुटलं. मावशी ऐकत होती, मोजत नव्हती. मग तिनं पक्कड माझ्यापुढे सरकवली. "रडून झालं का ते तार काढ. जळालं आहे म्हनून तोडू नको, सारे वेढे मोजून काढ. आता शाळा नाही ना तुले? मंग रोज ये."

मी रोज गेले. तीन वर्षं. आधी पंखे, मग धानाच्या गिरणीच्या मोटरी. मावशीचा नवरा गिऱ्हाइकांना म्हणू लागला, "पोरगी भरते, पाहून घ्या," आणि लोक खरंच पाहून घ्यायचे, दोनदा.

आज मी गुजरातेत आहे, लग्न होऊन आले. इथल्या एका कारखान्यात मोटरी भरते. आमच्या रांगेत नववीत शाळा सुटलेली मी एकटीच नाही, पण वेढे न चुकवणारी बहुतेक एकटीच. तरी कोणी हातात काही जड दिलं की अजून मी आधी ते हातावर तोलून पाहते.

आईनं परवा कोणाकडून तरी पत्र लिहवून पाठवलं. मावशीला आता बारीक तार दिसत नाही. नवरा म्हणतो, म्हातारपण आहे, चालायचंच. मी पत्र हातात घेऊन चडफडत बसले. चालायचंच काय? दुकान तिच्या डोळ्यांवर चाललं. मावशी, दिवाळीच्या सुट्टीला जोडून महिनाभराची रजा मी मागणार आहे, नाही दिली तरी येणार आहे. तुला नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेईन, आणि ऑपरेशन करावं लागलं तर तुझी पट्टी सुटेपर्यंत दुकानात येईल ती प्रत्येक मोटर मी भरीन. नको म्हणशील, माहीत आहे. मी ऐकणार नाही.