गाईचा कागद

“हा माणूस कागदावर टाईप करतो की कागद जेवतो?”

साहेब ओरडत होते. धुळ्यातल्या आमच्या ऑफिसात साहेब ओरडले की समोरच्या टपरीवरचं दूध नासायचं, आणि टपरीवाला आपल्या पाणचट चहाचा सगळा दोष जन्मभर साहेबांच्या गळ्यावर ढकलत राहिला. त्या दिवशी साहेबांनी ऑफिसातल्या सगळ्या टोपल्या आपल्या टेबलावर ओतून घेतल्या होत्या. चुरगळलेल्या कागदांचा ढीग इतका उंच झाला होता की साहेबांचं फक्त टक्कल दिसत होतं, तेही सातपुड्यामागून चंद्र वर यावा तसं हळूहळू. आणि ढिगाच्या अलीकडे, हात मागे बांधून, मी उभा.

आता तुम्ही म्हणाल, कागद खाल्ला दुसऱ्यानं आणि बोलणी मला का. कारण स्टेशनरीच्या कपाटाची चावी माझ्या कमरेला होती. सरकारी खात्यात ज्याच्या कमरेला चावी, त्याच्याच मानेला फास. कोणतं खातं ते विचारू नका. माझं पेन्शन अजून तिथूनच येतं.

कागद खाणारे होते आमचे टायपिस्ट नाना. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, डोक्यावर परीटघडीची टोपी, आणि मराठी मशीनवर असा हात की ते टाईप करायला बसले की खिडकीतल्या चिमण्या चिवचिव थांबवून ऐकायच्या. अख्ख्या ऑफिसात मराठी मशीन चालवणारे ते एकटेच. साहेबांच्या बढतीचा अर्जसुद्धा त्यांच्याच हातून जायचा. त्यामुळे साहेबांचा आवाज नानांच्या खोलीच्या दारापर्यंत जायचा आणि तिथून माझ्याकडे वळायचा.

नानांचं टायपिंग निर्दोष, पण रीत अशी. पत्र कोणतंही असो, अगदी पंखा दुरुस्त करण्याबद्दलचं दोन ओळींचं असो, ते एक कोराकरकरीत फुलस्केप मशीनला चढवायचे. वर मधोमध ‘श्री’ टाईप करायचे. खाली चार ओळी धाडधाड मारायच्या. मग तो कागद सर्रकन ओढून, चुरगळून टोपलीत. आणि मग दुसरा कोरा कागद, ज्यावर खरं पत्र. त्यात आठव्या ओळीला एक काना चुकला तर खाडाखोड नाही, खोडरबर नाही, तो कागदही टोपलीत. आणि पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे पुन्हा ‘श्री’चा एक वेगळा कागद. कारण एवढ्या वेळात मशीन थंड पडलेलं असायचं. धुळ्याच्या फेब्रुवारीत, जिथं टेबलावरची टाचणी उचलली तर बोटाला फोड यायचा, तिथं यांचं मशीन थंड पडायचं.

साहेबांनी ढिगामागून मान वर काढली आणि एकदम हळू आवाजात बोलले. त्यांचा हळू आवाज जास्त वाईट होता. म्हणाले, नवा कागद एप्रिलशिवाय येत नाही. मार्चअखेरची सगळी विवरणपत्रं कपाटात उरलेल्या कागदातच निघाली पाहिजेत. नाही निघाली, तर पिंपळनेरच्या ऑफिसात एक जागा रिकामी आहे, बदलीचा आदेश नानांकडूनच टाईप करून घेतो.

पिंपळनेरशी माझं काही वैर नव्हतं. हवा चांगली, माणसं चांगली. पण माझ्या बायकोला त्याच वर्षी धुळ्यात शाळेची नोकरी लागली होती. किती शाळांच्या पायऱ्या झिजवल्यावर लागली होती ते मी सांगत नाही, पण त्या पायऱ्या अजून खोलगट आहेत. शाळा घरापासून इतकी जवळ की घंटा झाली की ती पोळी तव्यावरून उतरवून निघायची. मी पिंपळनेरला गेलो तर ती इकडे, मी तिकडे, आणि रविवारी साक्रीमार्गे एस.टी.त उभ्यानं संसार. तिला हे सांगायची माझी छाती झाली नाही. नुसतं विचारलं, पिंपळनेर कसं वाटतं गं? ती म्हणाली, कोणाला?

नानांना सरळ सांगावं, तर तेही जमेना. ते मनानं इतके मोठे की माझी बदली होणार हे ऐकताच टोपी सारखी करून साहेबांशी भांडायला गेले असते, आणि मग संध्याकाळच्या गाडीनंच माझी रवानगी झाली असती. म्हणून मी गनिमी काव्यानं लढायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी कपाटाला कुलूप घालून चावी हरवली असं सांगितलं. नानांनी मशीनवर झाकण घातलं, हाताची घडी घातली आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसले. दुपारपर्यंत ऑफिसचं काम असं तुंबलं की वरच्या ऑफिसातून फोन आला, तुमच्याकडे कोणी वारलं का. चावी सापडली.

मग मी जुनी, एका बाजूनं वापरलेली परिपत्रकं गोळा केली, पाठकोऱ्या बाजूनं छान गठ्ठा लावला आणि नानांपुढं ठेवला. म्हटलं, नाना, तुमचा पहिला कागद टोपलीतच जायचा असतो ना, मग त्यासाठी हे वापरा. नानांनी गठ्ठ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटात कोणाचा तरी चावलेला तुकडा ठेवलाय.

“भाऊ, तुमच्या घरी तव्यावरची पहिली भाकरी कोणाची असते?”

“गाईची,” मी म्हणालो.

“तिला उष्टं घालता का?”

मी गठ्ठा उचलला आणि परत आलो. आता कुठं मला उलगडा झाला. हा माणूस उधळ्या नव्हता. खानदेशातल्या घराघरात पहिली भाकरी गाईला काढून ठेवतात, तसा हा मशीनवरचा पहिला कागद काढत होता. पहिल्या भाकरीला तवा कळतो, पहिल्या कागदाला मशीन कळतं. आणि गाईचं ते गाईचं, त्यात शिळं-उष्टं चालत नाही. बोला, या माणसाशी काटकसरीवर वाद कसा घालणार? मी वाद सोडला आणि मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली. उन्हाळ्यात पिंपळनेरला रात्री पांघरूण लागतं का, हेही एकाला सहज विचारून घेतलं.

नानांच्या मनात मात्र माझ्याबद्दल काही राहिलं नव्हतं. शनिवारी म्हणाले, उद्या भरीत आहे, घरी या. त्यांचं घर जळगाव रस्त्यावरच्या खेड्यात. खानदेशी माणूस भरताला नाही म्हणाला तर त्याची जन्मनोंद रद्द करतात, म्हणून मी गेलो. अंगणात कपाशीच्या काटक्यांवर वांगी भाजली जात होती. एकेक हिरवं वांगं एवढं मोठं की लांबून मला वाटलं तान्ही मुलं शेकत ठेवलीत. बाजूला चुलीपुढं नानांच्या बायको, ज्यांना सगळं गाव अक्का म्हणायचं, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाचा गोळा हातावर थापत होत्या.

तव्यावर त्यांनी पहिली भाकरी टाकली, आणि मी बसल्या जागेवरून उठून उभा राहिलो. ती तळहातापेक्षाही लहान होती. मोठ्या तव्याच्या मधोमध, पोरीच्या कपाळावरच्या टिकलीसारखी. शेकून झाली तशी अक्कांनी ती उचलून एका बाजूला ठेवली आणि मग दुसरा गोळा घेतला, तो चांगला परातभर.

मी विचारलं, ती कोणाची?

“चानकी? गायनी शे ती,” अक्का म्हणाल्या.

“एवढीशी?”

“गाय काय पोट भराले येस का आपलाकडे? तिना मान शे.”

मी भरीत किती खाल्लं ते मला आठवत नाही, लोक सांगतात नानांचं वांग्याचं शेत त्या वर्षी लवकर रिकामं झालं. माझं लक्ष सगळं त्या चानकीकडे. गाय दारात आली, अक्कांनी तिच्या तोंडाशी ती छोटी भाकरी धरली, गाईनं एका घासात घेतली आणि निघून गेली. तक्रार नाही, मागणी नाही, आणि पुण्य पूर्ण मापाचं. नाना माझ्या शेजारीच बसून जेवत होते. रोज तव्यावर हे चाललेलं ते पाहत असतील, पण मशीन आणि तवा यांची सांगड त्यांनी अर्धीच घातली होती. उरलेली अर्धी मी पदरात बांधून धुळ्याला आणली.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचलो. कोरे, नवे, एकही डाग नसलेले फुलस्केप घेतले. पट्टी लावून एकेका कागदाचे आठ-आठ तुकडे केले, पोस्टकार्डाएवढे. कडा इतक्या सरळ की त्यावर दाढी करता आली असती. त्यांची गड्डी मशीनच्या उजव्या हाताला ठेवली आणि त्यांच्या दारासमोरच्या माझ्या टेबलावर जाऊन फायलीत तोंड घातलं.

नाना आले. टोपी काढून खुंटीला लावली. मशीनचं झाकण काढलं. गड्डी दिसली. एक तुकडा उचलून उजेडात धरला, दुसऱ्या बाजूनं पाहिला. कोरा. नाकाशी नेऊन हुंगलाही असावा.

“हे काय?”

“चानकी,” मी फायलीतूनच म्हणालो. “अक्कांच्या मापाची.”

ऑफिसातला पंखा तेवढा फिरत होता, आणि मला शपथेवर आठवतं, तोही क्षणभर थांबला. नानांनी माझ्याकडे पाहिलं. कागदाकडे पाहिलं. मग त्यांनी तो तुकडा मशीनला चढवला, मधोमध ‘श्री’ मारलं, खाली दीड ओळ मारली, कारण चानकीला तेवढीच पुरे, आणि तो काढून बाजूला ठेवला. चुरगळलासुद्धा नाही. मग मोठा कागद घेतला.

“घरी जेवायला बोलावलं, तिथंच चुकलो मी,” ते म्हणाले, आणि पत्राला लागले.

मी उठून बाहेर गेलो आणि टपरीवर पाणचट चहा प्यालो. तेवढा गोड चहा त्या टपरीनं आधी कधी केला नव्हता.

चुकलेला काना त्यांनी पुढंही कधी खोडला नाही, तेवढे कागद जायचे ते जातच राहिले. पण गाईच्या वाट्याचा जो अख्खा फुलस्केप जायचा, तो आता आठ वेळा पुरत होता. मार्चअखेर आली. विवरणपत्रं अशी निघाली की पोस्टाच्या पेटीनं जांभया द्यायच्या सोडल्या. शेवटच्या संध्याकाळी साहेब स्वतः कपाटापाशी आले. मी दार उघडलं. तळाच्या फळीवर थोडासा कोरा कागद अजून बाकी होता. साहेब बराच वेळ वाकून पाहत राहिले, मग शाबासकी वगैरे न देता, त्यांच्या सवयीला न शोभेल अशा आवाजात, चहा सांगा म्हणाले. पिंपळनेरच्या जागेवर पुढं शिरपूरचा एक माणूस गेला आणि तिथं सुखात राहिला असं ऐकतो.

मी घरी गेलो ते चालत नाही, तरंगत. बायकोला सगळं सांगितलं. ती उत्तरपत्रिका तपासत होती. वर न बघता म्हणाली, तरीच महिनाभर झोपेत पिंपळनेर-पिंपळनेर करत होता, मला वाटलं कोणी बाई आहे.

एप्रिलमध्ये नवा कागद आला. रिमा कपाटात लावताना माझ्या छातीवरून एकेक रीम उतरत होती. त्या मोकळ्या मनानं मी नानांच्या टेबलाशी खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं: साहेबांचा ढीग, पिंपळनेर, बायकोची शाळा, हरवलेली चावी, अंगणातली चानकी. थोडं तिखटमीठ लावलं असेल, मला उगाच कमी सांगायची सवय नाही. नाना टोपी मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी गड्डीतला एक छोटा कागद मशीनला चढवला.

“मग आधी सांगायचं ना, भाऊ,” ते म्हणाले. “विवरणपत्रं हातानं लिहून दिली असती. अक्षर बरं आहे माझं.”