सावनदुर्गावर आमच्याआधी गेलेले तिघं

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जायचे... आजही जाते. सायन्सची विद्यार्थिनी होते मी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण परवा वहिनी फोनवर म्हणाली, "आता तरी लिहून टाक गं." म्हणून लिहितेय.

साठच्या दशकातली गोष्ट. आम्ही बंगळूरला मल्लेश्वरममध्ये राहायचो. दसऱ्याच्या सुट्टीत मी, माझा मोठा भाऊ दत्ताअण्णा आणि त्याची नवी बायको कुसुमवहिनी असे तिघं सावनदुर्ग चढणार होतो. हा डोंगर म्हणजे नुसता उघडा, गुळगुळीत कातळ. आणि नेमका त्या रविवारी पहाटेपासून पाऊस! आईनं साफ नाही म्हटलं. अण्णा चिडला, पण बेत रद्द झाला. दिवसभर घरातच कॅरम खेळलो, भजी खाल्ली. शेजारचे काकाही होते डावाला.

पुढच्या रविवारी लख्ख ऊन पडलं. मागडीच्या बाजूची बस धरून आम्ही पायथ्याशी पोचलो. तिथं झोपडीवजा हॉटेल होतं. कॉफी मागितली. मालकानं आम्हा दोघींकडे पाहिलं, मग अण्णाकडे... आणि हातातलं भांडं खाली ठेवलं.

"तुम्ही कधी उतरलात?" त्यानं कन्नडमध्ये विचारलं.

"अजून चढलोच नाही," अण्णा हसला.

"गेल्या रविवारी, पावसात. मी म्हणत होतो, स्वल्प थांबा. ऐकलं नाहीत. तिघं वर गेलात." त्यानं आमच्याकडे बोट केलं. "खाली आल्या त्या ह्या दोघीच."

"दुसरं कुणीतरी असेल हो," मी म्हटलं.

"तुम्हीच तर यांना हाक मारत होता, अक्का. दत्ताअण्णा, दत्ताअण्णा म्हणून."

त्याला अण्णाचं नाव कुणी सांगितलं होतं? मला आधी वाटलं, ही अण्णाचीच थट्टा. त्यानंच याला पढवलं असणार. पण अण्णाचा चेहरा उतरला होता.

"मी विचारलं, ते कुठं आहेत?" मालक आता फक्त अण्णाशीच बोलत होता. "ह्या अक्का म्हणाल्या, येतायत मागून. आणि सरळ चालू लागल्या. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही."

'ह्या अक्का' म्हणजे वहिनी. तिला रडूच फुटलं. "अहो, आपण घरी होतो ना? सांगा ना त्यांना!"

अण्णानं सांगितलं. मालकाचा विश्वास बसला नाही, हे स्पष्ट दिसत होतं. आम्हा दोघींच्या नजरेला नजर मात्र त्यानं दिली नाही.

चढायचा बेत तिथंच सोडला. अण्णा पुढं पुष्कळ वर्षं जगला, सुखानं जगला. ते तिघं कोण होते, वर काय झालं... मला आजही सांगता येत नाही.

पण बसकडे परतताना वाट अरुंद झाली, तेव्हा अण्णा बाजूला सरून थांबला. आम्हीही थांबलो. आमच्याकडे न बघताच तो म्हणाला,

"तुम्ही दोघी पुढं व्हा."