वगळलेले चौऱ्याहत्तर दिवस

शिवडीला आमच्या ऑफिसच्या गच्चीवरून आमची इमारत दिसते. आमची म्हणायची सवय लागली आहे, एवढंच. चौदा मजल्यांचा सांगाडा वर गेला आणि थांबला. नवव्या मजल्यावरचा डावीकडून तिसरा चौकोन आमचा. मी मालवाहतुकीच्या कंपनीत हिशेब बघतो. दुपारी डबा खाल्ला की पाच मिनिटं गच्चीवर जातो आणि चौकोन जागेवर आहे ना ते बघून खाली येतो.

काम थांबलं त्याच्या पुढच्या वर्षी एकदा क्रेनचा हात सकाळी खाडीकडे होता आणि दुपारी परळकडे. मी लगेच घरी फोन करून काम सुरू झाल्याचं कळवलं. संध्याकाळी ताईने पेढे आणले, चाळीत आठ घरी दिले. दोन दिवसांनी साइटवरच्या वॉचमनने समजावलं की क्रेन बंद असते तेव्हा तिचा हात मोकळाच सोडतात, नाहीतर वाऱ्याने मोडेल. वारा फिरला की हात फिरतो. हे घरी सांगायला मला दोन दिवस लागले. ताई म्हणाली, पेढे मात्र चांगले होते.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात छत्तीस वर्षं काढली आणि फणसवाडीत पागडीच्या एका खोलीत राहिली. खोली दहा बाय बारा, पण दाराची किल्ली तिची. आम्ही दोघं नवरा-बायको लोअर परळला चाळीत, दोन खोल्यांत. शिवडीचा फ्लॅट घ्यायची कल्पना माझी. तिने खोली सोडली, त्याचे पैसे घातले, मी माझी शिल्लक घातली. तिचे जास्त, म्हणून करारात पहिलं नाव तिचं. पूर्वेच्या खिडकीची खोली तिची, असं ठरलं. ताबा मिळेपर्यंत, दीडच वर्ष असं धरून, ती आमच्याकडे राहायला आली. बाहेरच्या खोलीत दिवाण आणि त्याच्यापुढे एक पडदा. त्याला आता सात वर्षं होत आली.

मग बिल्डरला कर्ज दिलेल्या बँकेने त्याच्या कंपनीला न्यायाधिकरणात खेचलं आणि कंपनीची दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. तिथे माणूस नेमला जातो, त्याला सगळे आरपी म्हणतात. कंपनी त्याच्या ताब्यात. त्याने एकशे ऐंशी दिवसांत कोणी कंपनी घेऊन काम पुरं करणारा शोधायचा. नाही सापडला तर कंपनी मोडीत काढायची, आणि मग आमच्यासारख्यांच्या हाती काय लागेल हे कोणी स्पष्ट बोलत नाही. मी पहिल्या दिवसापासून वहीत दिवस लिहायला लागलो. घर घेणाऱ्या एकशे बारा जणांच्या ग्रुपवर रोज सकाळी आकडा टाकायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

छपन्नाव्या दिवशी बिल्डर अपिलात गेला आणि प्रक्रियेला स्थगिती आली. चौऱ्याहत्तर दिवसांनी ती उठली. न्यायाधिकरणाने सांगितलं, स्थगितीचे दिवस मुदतीतून वगळले. म्हणजे ते धरायचेच नाहीत. मी वहीत दोन रकाने केले, एक कॅलेंडरचा आणि एक कायद्याचा. एकात एकशे एकतीस, दुसऱ्यात सत्तावन्न. मला हे सोयीचं वाटलं होतं. हाताशी दिवस उरले, असं मी ग्रुपवर लिहिलं.

सातव्या मजल्यावर एक फ्लॅट शिवडीच्या कोळीवाड्यातल्या एका मावशींचा आहे. लालबागच्या बाजारात त्यांची मासळीची पाटी असते. त्यांना ग्रुपवरचं वाचायचा कंटाळा, म्हणून मी बाजारात गेलो की त्या आकडा विचारायच्या. मी दोन्ही रकाने सांगितले. त्यांनी सुरमई कापता कापता ऐकून घेतलं.

"आमचा बर्फ वितळला की माल गेला," त्या म्हणाल्या. "तुमच्या कोर्टाला बरा बर्फ गावतो, शेठ."

शेजारच्या कोळणी हसल्या. मीही हसलो. घरी येईपर्यंत मला ते हसण्यासारखं वाटेनासं झालं होतं.

कायद्याच्या रकान्यात एकशे अडुसष्ट झाले तेव्हा आरपीने कळवलं की एक कंपनी काम पुरं करायला तयार आहे, प्रस्ताव अर्धा झालाय, पण उरलेल्या बारा दिवसांत बसत नाही. मुदत नव्वद दिवसांनी वाढवून मागायची. त्यासाठी धनकोंच्या, म्हणजे कंपनीकडे पैसे अडकलेल्यांच्या, समितीत सहासष्ट टक्के मतं हवीत. बँकेची अठ्ठावन्न, ती हो म्हणणार होती. आमची सगळ्यांची मिळून बेचाळीस. आमच्यातले जेवढे मत देतील त्यांच्यात होकार अर्ध्यावर गेला, तर आमचे बेचाळीसही होकारात. नाही गेला, तर मुदतवाढ नाही. मतदान शुक्रवारी सकाळी दहा ते शनिवारी संध्याकाळी सहा, बत्तीस तास. मी शुक्रवारी रजा घेतली आणि दुपारपर्यंत एकेचाळीस जणांना फोन केले. बरेच जण नाही म्हणत होते. त्यांचं म्हणणं एकच, एकदाचं काय ते संपू दे. मी प्रत्येकाला सांगितलं की संपलं तर काय होईल. बोलून बोलून घसा बसला.

आमच्या घरात मात्र मी विचारलंच नव्हतं. गृहीत धरलं होतं. पण गुरुवारी जेवताना ताई आपणहूनच म्हणाली होती, मला नाही द्यायचं मत. का, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

एका फ्लॅटला एकच मत, आणि ते पहिल्या नावाच्या माणसाने द्यायचं. लिंक तिच्या मेलवर येते, ओटीपी तिच्या फोनवर. मेल मीच बघतो. शुक्रवारी चारच्या सुमाराला ताई भाजी आणायला खाली गेली होती, फोन फ्रिजवर चार्जिंगला. बायको हळूच म्हणाली, उघडा की तुम्ही, त्यांच्या भल्याचंच आहे. मी लिंक उघडली, 'होकार'वर टिचकी मारली. फ्रिजवर फोन थरथरला. मी उठून बघितलं. सहा आकडे. ते मला अजून पाठ आहेत. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या केसपेपरांवर एक खाडाखोड न करणाऱ्या बाईचा फोन माझ्या हातात होता. ओटीपी दहा मिनिटं चालतो. मी खुर्चीवर बसून राहिलो आणि दहा मिनिटं जाऊ दिली. बायको पोळ्यांची कणीक मळायला गेली.

ताई आल्यावर मी तिला सांगितलं, काय केलं आणि काय नाही केलं. तिने भाजी निवडायला घेतली.

"वही आण तुझी," ती म्हणाली.

मी आणली. तिने चष्मा लावला आणि दोन्ही रकाने बोट फिरवत वाचले, जुने केसपेपर वाचायची तसे.

"हे मधले चौऱ्याहत्तर कुठे गेले?"

"वगळले ना ताई. कायद्याने ते धरत नाहीत."

"बरं. मग तेव्हा मी कुठे होते?"

त्या दिवसांत तिच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती. डोळ्यांत थेंब घालायला दर दोन तासांनी बायको पडद्याआड जायची. त्या दिवसांत तिला पासष्टावं लागलं होतं.

"तुमची तक्रार नाही रे," ती म्हणाली. "तुम्ही दोघांनी काही कमी केलं नाही. पण पहाटे पाचला जाग येते आणि दिवा लावता येत नाही. तुम्ही झोपलेले असता. सात वर्षं मी अंधारात बसते, साडेसहा वाजायची वाट बघत. आता आणखी नव्वद म्हणतोस. आणि त्यातलेही वगळतील काही."

"प्रस्ताव आलाय या वेळी. खरंच आलाय."

"क्रेन हलली तेव्हाही खरंच होतं."

मेथीची जुडी निवडून झाल्यावर ती म्हणाली, "त्या मासळीवालीचाही आहे ना फ्लॅट? मग दे होकार. तुमच्यासाठीही दे. पण मी तिथे राहायला येईन असं धरून चालू नकोस."

मी पुन्हा लिंक उघडली. तिने फोन डोळ्यांपासून लांब धरून सहा आकडे एकेक करून मोठ्याने वाचले. मी टाकले. शनिवारी सहापर्यंत त्र्याऐंशी जणांनी मत दिलं. होकार सत्तेचाळीस.

पुढच्या शुक्रवारी ती फणसवाडीत राहायला गेली. तिच्या जुन्या शेजारणीचा मुलगा परदेशी असतो, त्याची खोली रिकामी होती. हे तिने महिनाभर आधीच बोलून ठेवलं होतं. सामान एका टॅक्सीत मावलं. सातव्या वर्षी एवढंच सामान, हे डिकी लावताना माझ्या लक्षात आलं.

मुदतवाढीचा अर्ज वेळेत गेला. सुनावणीला एकदा पुढची तारीख पडली, एकदा नंबरच लागला नाही. आदेश आला तेव्हा कायद्याच्या रकान्यात एकशे सत्त्याण्णव होते. वाढ मोजायची एकशे ऐंशीपासून. म्हणजे नव्वद दिवस मिळाले त्या दिवशी त्यातले सतरा संपलेले होते. ग्रुपवर लोक फुलांची चित्रं टाकत होते, म्हणून मी हे लिहिलं नाही.

त्या रविवारी मी फणसवाडीला गेलो. ताईने चहा केला. खोलीत एक खाट, एक टेबल, टेबलावर दिवा. मी आदेशाचं सांगितलं. प्रस्ताव मंजूर झाला तर काम पुरं व्हायला अडीच वर्षं, तेही सांगितलं. ती ऐकत होती, पण मला वाटतं ती फक्त माझा आवाज ऐकत होती.

मी वही नेली होती. म्हटलं, ते चौऱ्याहत्तर दिवस तू सांग, मी लिहितो. तिसरा रकाना आखून आणला होता.

तिने वही हातात घेतली, मिटली आणि टेबलावर ठेवली. "राहू दे आता. चहा घे."

मी चहा घेतला. खिडकी पश्चिमेची आहे. निघताना ती दारापर्यंत आली, आणि मी दोन पायऱ्या उतरलो तोवर आतून कडी लावल्याचा आवाज आला. वही तिच्या टेबलावरच राहिली होती. मी जिन्यात थोडा थांबलो. परत जाऊन दार वाजवावं असं वाटलं, मग नाही वाजवलं. सोमवारी सकाळी ग्रुपवर आकडा टाकायचा होता. तो मी चर्नी रोडला चालत जाताना मनातच काढला.