किती लांबून मारलं

रायफल क्लबात चहा करणाऱ्या बाईजवळ किस्से आपोआप साठतात. मी चौदा वर्षं नाशिकच्या एका छोट्या क्लबात आहे. चाव्या सांभाळते, टार्गेटचे कागद लावते, चहा करते. गोळ्या झाडून माणसं माझ्या टेबलापाशी येतात तेव्हा त्यांचे कान बधिर झालेले असतात, त्यामुळे गुपितंसुद्धा मोठ्याने सांगतात. हसण्यासारखं पुष्कळ आहे. पण हल्ली सांगायला बसले की माझा पाय एकाच ठिकाणी अडकतो.

आधी दोन माणसं सांगते. तात्या पंचाहत्तरीचे, पूर्वी बंदुका दुरुस्त करायचे. मिलिंद चाळिशीच्या आतला, सातपूरला त्याचं वर्कशॉप आहे. कागदावर त्याच्याइतका नेम आमच्याकडे कुणाचाच नाही. शिकार बंद आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण रानडुकरांनी पिकाची नासधूस केली की शेतकरी फॉरेस्टकडे अर्ज करतात, आणि परवानगी आली की लायसनवाल्यांना बोलावतात. आमच्याकडून हे दोघे जायचे.

*

मिलिंदने रायफलीला नवा स्कोप, म्हणजे दुर्बीण, घेतला तेव्हा पेढे वाटले. परराज्यातल्या एका मोठ्या रेंजवर जाऊन त्याने चारशे मीटरवरची लोखंडी थाळी वाजवली होती. मोबाइलवर व्हिडिओ होता, तो आम्ही सगळ्यांनी दोनदोनदा बघितला.

तात्यांनी पेढा खाल्ला, हात पुसले आणि विचारलं, "थाळी पळाली नाही ना रे?"

*

तात्यांची पद्धत वेगळी. वारा बघायचा, वळसा घ्यायचा आणि तीस पावलांपर्यंत जायचं. इगतपुरीकडे भाताच्या शेतात ते असेच अर्धा तास चिखलातून सरकत गेले होते. सोबत आमच्या क्लबातले एक डॉक्टर होते. डॉक्टरांची कंबर दुखत होती म्हणून त्यांनी निघताना भरपूर बाम चोळला होता. वारा फिरला, डुकराने नाक वर केलं आणि ते गेलं.

शेतकरी वैतागला. म्हणाला, "दवाखाना घेऊन आले व्हय शिकारीला? लय झालं आता, निघा!"

डॉक्टर माफी मागायला लागले तर तात्या बूट झटकत म्हणाले, "असू दे हो. पळालं ते अख्खं पळालं."

*

दिंडोरीच्या द्राक्षबागेत मिलिंदने अडीचशे मीटरवरून गोळी घातली. स्कोपमध्ये लांबचं डुक्कर अगदी स्वच्छ दिसत होतं, पण जवळची मांडवाची तार दिसत नव्हती. गोळीने तारच तुटली. ती अशी वाजली की बागेतले कामकरी खाली बसले, आणि पाठोपाठ द्राक्षांनी लगडलेली अख्खी ओळ हळूहळू जमिनीवर आली.

डुक्कर तिथेच उभं होतं. मालक त्याच्याकडे बघून म्हणाले, "हे बिचारं दोनच वेली खात होतं."

यावर आम्ही क्लबात महिनाभर हसलो. मिलिंदही हसला.

*

एकदा माझ्या टेबलापाशीच दोघांची जुंपली. मिलिंद मोबाइलवर वाऱ्याचा हिशेब दाखवत होता. तात्यांनी विचारलं की चारशे मीटर जायला गोळीला किती वेळ लागतो. तो म्हणाला, अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त.

"तेवढ्यात जनावर पाऊल उचलतं," तात्या म्हणाले. "तू नेम मानेवर धरलेला असतोस, लागतं पोटात. मग माग काढायला तिथे पोचेपर्यंत ते कुठच्या कुठे."

मिलिंद म्हणाला की तुमच्या वेळी स्कोप नव्हते म्हणून तुम्ही जवळ जायचात, त्यात धर्म कसला आलाय? मला त्याचं पटलं होतं. मी त्याला वाढीव चहा दिला.

*

गेल्या वर्षी डुकरं आमच्याच मक्यात घुसली. रोज सकाळी चार-पाच सऱ्या आडव्या. आमचे हे अंगावर ताप घेऊन राखण करत होते. परवानगी आली आणि मी दोघांनाही बोलावलं.

दिवस मावळायला आला होता. नाल्यापलीकडे पडीक रानात एक डुक्कर दिसलं. तात्या म्हणाले, नाल्याने वळसा घेऊ, वीस मिनिटं लागतील. मिलिंद बांधावर आडवा झाला होता. तीनशे वीस मीटर, म्हणाला, इथूनच होईल. तात्यांनी नाही म्हटलं. मिलिंदने माझ्याकडे बघितलं, कारण शेत माझं होतं.

मी म्हणाले, "मार रे मिलिंद. तात्यांना आता चालवत नाही."

तात्या ऐकत होते.

गोळी सुटली आणि ते ओरडलं. ते ओरडणं मी इथे लिहू शकत नाही. मागचे दोन्ही पाय ओढत ते घाणेरीच्या जाळीत शिरलं. आम्ही तिथे पोचलो तोवर अंधार झाला होता.

जखमी जनावर सापडेपर्यंत मारणाऱ्याने घरी जायचं नाही, हा तात्यांचा नियम. मिलिंदने वर्कशॉपला फोन करून सांगितलं आणि तो आमच्या पडवीत झोपला. झोपला म्हणजे पडून राहिला. दुसऱ्या दिवशी रक्ताचे थेंब सापडले आणि दगडांत हरवले. तिसऱ्या दिवशीही शोध चालूच होता. मी बाटल्या आणि भाकरी घेऊन मागून जायचे. तिन्ही दिवस तात्या आमच्या पुढे होते.

चौथ्या दिवशी सकाळी नाल्याच्या डबक्यापाशी ती सापडली. मादी होती. जिवंत होती. पाण्यापासून हातभर अलीकडे पडली होती.

मिलिंद लांबच थांबला आणि रायफल खांद्याला लावू लागला. तात्यांनी नळी खाली केली. "जवळ जा," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ताई, तुम्हीही या."

आम्ही दहा पावलांवर गेलो. तिने डोकं उचललं.

मिलिंद हळूच म्हणाला, "तात्या, ती बघतीये माझ्याकडे."

"बघू दे. त्या दिवशी तिला आपण दिसलोच नव्हतो."

मिलिंदने गोळी घातली. या वेळी ती ओरडली नाही.

दुपारी पंचनाम्याला फॉरेस्टचे गार्ड आले. मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून लिहायला लागले. मादी, वय अंदाजे, जखमा दोन. मग त्यांनी मान वर करून विचारलं, "किती लांबून मारलं?"

तात्या नाल्याकडे बघत होते. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते.

"तीन दिवस," मिलिंद म्हणाला.

गार्डने पेन थांबवलं. "अहो, मीटरमध्ये सांगा."