सुधाकरचा लहान कॉम्प्रेसर

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी धरमपेठेत चष्म्याच्या दुकानात बसलो होतो. त्याची मुलगी मीना पुण्याहून बोलत होती, "काका, बाबा गेले..." चष्मा तसाच टाकून निघालो. त्याला आता पाच आठवडे झाले. या वयात माणसं जातात, हे कळतं. पण कळूनही माणूस थकतो.

कन्हानकडच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये सुधाकर फिटर होता, मी तिथंच ऑफिसात. रिटायर झाल्यावर त्यानं घरामागे टिनाचं शेड टाकलं आणि लोकांची जुनी लोखंडी कपाटं, पलंग दुरुस्त करून रंगवू लागला. फवाऱ्यानं रंग मारायचा तर कॉम्प्रेसर हवा, म्हणून आम्ही दोघं तीन दिवस दुकानं हिंडलो. त्याची तऱ्हा अशी, की दुकानदाराला मशीन चालू करायला लावायचं आणि स्वतः रस्ता ओलांडून पलीकडे उभं राहायचं, कान देऊन. मला लाजल्यासारखं व्हायचं, पण कारण ठाऊक होतं. शेडला लागूनच त्याच्या बायकोची, नलिनीवहिनींची खोली. अर्धांगवायूनं त्या अंथरुणाला खिळलेल्या, आणि मोठा आवाज झाला की त्यांचं सगळं अंग दचकायचं.

शेवटी त्यानं सगळ्यात लहान, कमी आवाजाचा निवडला. दुकानदार म्हणाला, "काका, पेंटिंगले हवा कमी पडन."

"पडू दे. मी थांबीन."

आणि तो खरंच थांबायचा. कपाटाचं एक दार रंगवून होत नाही तोच टाकीतली हवा संपायची. ती पुन्हा भरेपर्यंत सुधाकर हात पुसून आत जायचा, वहिनींजवळ खुर्चीवर बसायचा. पाणी पाजायचा, कूस बदलून द्यायचा, पेपरातलं काहीबाही वाचून दाखवायचा. मग पुन्हा शेडमध्ये. एकेका कपाटाला दोन-दोन दिवस. मी चिडवायचो, तो हसायचा... चार वर्षं असं चाललं.

वहिनी गेल्या. काही महिन्यांनी मी म्हटलं, "आता तरी मोठा घे गा. आता कोणाले त्रास होणार आहे?" बोलून गेलो आणि जीभ चावली. तो रागावला नाही. स्प्रे गन पुसत म्हणाला, "काम झटकन उरकून टाकलं, तर बाकीच्या दिवसाचं काय करू गा मी?"

गेला त्या दुपारीही तो कपाटच रंगवत होता. शेजारच्या बाई चहाला बोलवायला आल्या तेव्हा शेडमध्ये कुणी नव्हतं. टाकी भरून मशीन आपोआप थांबलेलं. सुधाकर आत होता, वहिनींच्या पलंगाजवळच्या खुर्चीवर, मान कललेली, हातात रंगाचं फडकं.

मागच्या आठवड्यात मीना घर आवरायला आली. ज्यांचं कपाट, त्यांनी ते अर्धं रंगवलेलंच नेलं. पलंग कुणाला तरी दिला. खुर्चीशी येऊन मात्र तिचे हात थांबले. "काका, ही कुठं ठेवू?"

"राहू दे," म्हटलं. उभ्याउभ्याच फार थकल्यासारखं झालं, म्हणून त्याच खुर्चीत बसलो. मीनानं पंखा लावला आणि ती बाहेर गेली.