उंबराच्या पाण्याची घागर

आता अंधेरीला जाणाऱ्यांना पटणार नाही, पण पन्नासच्या दशकात स्टेशनच्या पूर्वेला थोडं पुढे गेलं की भातखाचरं सुरू व्हायची. मी आणि राहेल पुण्याहून निघालो ते फिलोमिनाच्या लग्नाला. आम्ही तिघी एकाच इस्पितळात नर्सिंग शिकलो. फिलोमिना तिथल्या एका गावठाणातली ईस्ट इंडियन कॅथलिक, आम्ही दोघी प्रोटेस्टंट. दादरला गाडी बदलली, अंधेरीला टांगा केला. टांगेवाला रुपया मागत होता, राहेलने आठ आण्यांत पटवला.

पोचल्या पोचल्या पुढ्यात गरम फुगे आले. आंबवलेल्या पिठाचे हे तळलेले गोळे चार खाल्ल्याशिवाय उठूच नये. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवरून नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. पहिली घागर राहेलने भरायची, असं फिलोमिनाने पत्रातच लिहिलं होतं. राहेलने त्यासाठी नवं लुगडं घेतलं होतं आणि वाटेत दोनदा मला उघडून दाखवलं होतं.

विहिरीवर फिलोमिनाच्या मावशीने राहेलला आडनाव विचारलं, मग गाव, मग आजोबा कधी ख्रिस्ती झाले ते. राहेलने सगळं सरळ सांगितलं, महारवाड्यासकट. वाजंत्री थांबली. मावशीने तिच्या हातातली घागर काढून घेतली आणि माझ्याकडे वळली.

"आनि तू गो? तुजे घरचे पयले कोन होते?"

"ब्राह्मण," मी म्हणाले.

घागर माझ्या हातात आली. ती खाली ठेवायला हवी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी ती भरली. फिलोमिना घरात बसली होती. तिला कोणी काही सांगितलं नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये फादरनी, देवापुढे सगळे सारखे, यावर फार सुरेख प्रवचन केलं. मावशीने डोळे पुसले. मला तिचा इतका राग आला की पुढचं काही ऐकूच आलं नाही.

परतीच्या गाडीत मी मावशीचा आणि तमाम कॅथलिकांचा मनसोक्त उद्धार केला. गाडी खंडाळ्याला आली. राहेल खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुझ्या घरी माझा कप वेगळा ठेवतात ना, तो मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे गं."

घरी आले. आईने चहा टाकला, लग्न कसं झालं ते विचारलं. बाकीच्या कपांपासून लांब, खिडकीत, तो कान तुटलेला कप होता. मी त्यातच चहा ओतला. आई तो माझ्या हातातून काढून घ्यायला लागली. या खेपेला मी सोडला नाही.

राहेल मात्र पुन्हा कधी आमच्याकडे चहाला आली नाही.