वारा न शिरणारं खुराडं

सदर इसमाचे वर्णन येणेप्रमाणे : वय सत्तरीच्या अलीकडे. बांधा शिडशिडीत. वर्ण भुशाखाली असल्याने निश्चित सांगता येत नाही. धंदा सुतारकाम, त्यातून निवृत्त, परंतु निवृत्तीची वार्ता हातांपर्यंत अद्याप पोचलेली नाही. ओळखीची खूण : उजव्या कानावर पेन्सिल. अंघोळीच्या वेळी ती डाव्या कानावर जाते, असे पत्नीचे म्हणणे आहे. स्वभाव अबोल, मात्र दुसऱ्या सुताराचे काम दृष्टीस पडल्यास सविस्तर. सदर इसमाने जोडलेल्या दोन फळ्यांमध्ये पोस्टकार्ड सरकत नाही. त्याच्या कामात आजतागायत फट आढळून आलेली नाही.

गल्लीत त्याला सगळे मिस्त्री म्हणत. बायकोही चारचौघांत मिस्त्रीच म्हणायची. घरात मात्र ‘अहो’. पण घरात हाक मारायची वेळ कमीच यायची. लेक लग्न होऊन लांबच्या शहरात गेली आणि तिच्या सामानासोबत घरातलं बोलणंही गेलं. मिस्त्री मुळात अबोल, आणि बायको झाली तरी भिंतीशी बोलून बोलून किती बोलणार? जेवायला वाढलंय, आणि दिवा घालवा, एवढ्यावर दिवस निघायला लागले.

मग तिनं कोंबड्या आणल्या.

त्यानंतर परसात तिच्या तोंडाला खळ नव्हती. लाल कोंबडी थोरली, तिची मान कायम ताठ. काळी ती मास्तरीण, कारण ती बाकीच्यांना टोचून रांगेत लावायची. चपट्या चोचीची ती नकटी. कोंबडा एकच, तो साहेब. काम काही नाही, आवाज मोठा. “काय गं थोरले, आज अंडं द्यायचा विचार आहे की नुसतंच मिरवायचंय?” असं सकाळी सुरू झालं की ते संध्याकाळपर्यंत चालायचं. मिस्त्री मागच्या शेडमध्ये रंधा मारत ते सगळं ऐकायचा. आपल्याला उद्देशून नसलेलं बोलणं त्याला फार आवडे. उत्तर द्यावं लागत नसे.

हे बोलणं असंच चालू राहावं म्हणून, आणि तसं तोंडानं सांगणं शक्य नव्हतं म्हणून, थंडी पडायच्या आधी त्यानं बायकोच्या कोंबड्यांसाठी खुराडं बांधलं. जुनं होतं ते पत्र्याचं आणि जाळीचं, त्यातून वारा भणाणायचा. नवं अस्सल सागाचं. खाचेत खाच, सांध्यात सांधा. दाराला आतून रबराची पट्टी. उजेडासाठी काच, तीही चारी बाजूंनी लांबीचा लगदा भरून पक्की. दार लावलं की ‘टप्प’ असा आवाज यायचा, महागड्या मोटारीचा येतो तसा. शेजारी बघायला आले. बायकोचा धाकटा भाऊ आला, भोवती फिरला, काचेतून डोकावला आणि म्हणाला, “दाजी, भाडं काय लावणार? माझं सामान उद्याच आणतो.”

नव्या घरात रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून त्यानं येताना पिशवीतून एक कोंबडी आणली होती. पांढरी, देखणी. आल्या आल्या ती शिंकली. पिशवीतली धूळ असेल म्हणून बायकोनं तिला थेट इतरांत सोडलं आणि तिचं नाव पाहुणी ठेवलं.

थंडी वाढली तसं मिस्त्री दार लवकर लावायचा आणि उशिरा उघडायचा. एके सकाळी साहेब आरवला, तेव्हा शेडमधल्या मिस्त्रीनं तेलाची कुपी उचलली. कुठल्या तरी बिजागरीला तेल पाहिजे, एवढंच त्याच्या मनात आलं. बिजागरी नव्हती. साहेबांचा गळा होता. खुराड्यात सगळ्यांच्या छातीतून घुर्र घुर्र येत होतं, जणू कोणी आत बसून गंजलेली करवत चालवतंय. थोरलीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात फेस. नकटीचा एक गाल सुजलेला. मास्तरीण चोच उघडी टाकून श्वास घेत होती आणि कुणालाही टोचत नव्हती. सगळ्यात वाईट लक्षण तेच.

“तुझ्या भावाची कोंबडी,” मिस्त्री म्हणाला.

बायको पाण्याचं भांडं विसळत राहिली.

“पिशवीतनं रोग आणून दिला. आहेर!”

त्या दिवशी ती कोंबड्यांशीही बोलली नाही. पाणी बदललं, दाणे टाकले, आत गेली. शेडमध्ये रंध्याचा आवाज उगाचच मोठा येऊ लागला. कोंबड्या गेल्या तर काय जाईल, हे मिस्त्रीला नीट कळत होतं. ते कोंबड्यांपुरतं नव्हतं.

मग एकच गोष्ट त्याच्या हातात होती, ती त्यानं केली. खुराड्याची एक फळी थंडीनं आकसून केसभर हलली होती, तिच्या कडेला त्यानं लांबी भरली. दारावर पोतं टाकलं. आजाऱ्याला वारा लागू नये.

दोन दिवसांत मास्तरीण गेली.

आता मात्र बायकोनं चप्पल घातली आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊनच परतली. बाई तरुण होत्या, बूट धुऊन परसात आल्या, जाताना पुन्हा धुणार म्हणाल्या. त्यांनी एकेक कोंबडी काखेत धरली, छातीला कान लावला, चोच उघडून पाहिली, घशात कापसाची काडी फिरवून नमुना घेतला.

“गठ्ठ्यानं मरत नाहीयेत, म्हणजे कळपच्या कळप नेणारी मोठी साथ नसावी. तरी तपासायला पाठवते. मला वाटतं हा छातीचा जुनाट रोग आहे. नवीन कोंबडी आणली होती का?”

मिस्त्रीला जणू कोर्टानं साक्षीला बोलावलं. “हिच्या भावानं आणली. शिंकतच आली.”

“मग तिला निदान तीन-चार आठवडे वेगळी ठेवायला हवी होती, काकू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बायकोनं मान खाली घातली आणि मिस्त्रीची वर झाली. “पण काका, हा जंतू कितीतरी कळपांत गपगुमान पडून असतो. एवढा माजायला त्याला घर चांगलं लागतं. हे खुराडं कोणी बांधलं?”

“मीच.” यानंतर कौतुक येतं, असा त्याचा उभ्या जन्माचा अनुभव होता.

“वारा कुठून जातो?”

“जात नाही,” मिस्त्री अभिमानानं म्हणाला.

बाईंनी दाराच्या रबरी पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “असं करा. आत शिरा, कोंबडी बसते त्या उंचीला डोकं ठेवा, दार ओढून घ्या, आणि जमेल तितका वेळ थांबा.”

मिस्त्री गुडघ्यांवर रांगत आत शिरला. दार टप्पदिशी लागलं. आत अंधूक उजेड, आणि छताला आतल्या बाजूनं घाम फुटावा तसे थेंब. एक थेंब त्याच्या मानेवर पडला. मग विष्ठेचा तो उग्र वास नाकातून थेट डोळ्यांत गेला, आणि डोळ्यांतून पाणी, आणि घशातून असा काही खोकला आला की बाहेर साहेबांनी उत्तर दिलं. पोतं त्यानं टाकलं होतं. लांबी त्यानं भरली होती. इतके दिवस खापर फोडायला मेहुण्याचं डोकं बरं सापडलं होतं.

तो बाहेर आला तेव्हा डोळे लालबुंद होते.

“थंडी वाजेल त्यांना,” तो तरीही म्हणालाच.

“पिसं आहेत, काका. थंडी सोसतात त्या. अंगावर झोत नको, एवढंच. डोक्याच्या वर, छपराखाली जागा ठेवा; ओल आणि वास निघून जाईल. बाकी औषध पाण्यातून देते. कोरडा भुसा घाला, भांडी रोज धुवा, आजारी वेगळ्या ठेवा. औषध चालू असताना अंडी खाऊ नका.” कोंबड्यांनी अंडी घालणं केव्हाच बंद केलं होतं, त्यामुळे या शेवटच्या आदेशाचं पालन तंतोतंत झालं.

डॉक्टरीणबाई बूट धुऊन गेल्या. बायको हळूच म्हणाली, “कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबत नाही म्हणतात. तुम्ही तर कोंबड्यांसकट सकाळच झाकलीत.”

कितीतरी दिवसांनी तिचं एवढं लांब वाक्य त्याच्या वाट्याला आलं होतं. त्यानं करवत काढली.

फळी कापायच्या आधी मिस्त्री आयुष्यभर तीनदा मापायचा. काटकोनी गुण्या लावायचा, पेन्सिलीनं रेघ मारायचा, रेघेकडे एक डोळा मिटून बघायचा. त्या दुपारी पेन्सिल कानावरच राहिली. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, नकटी मागे घुरघुरत होती, आणि सागाची ती वरची फळी, जिला त्यानं बांधताना हात फिरवून फिरवून गुळगुळीत केलं होतं, ती त्यानं छपराखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवी कापली. मग समोरच्या बाजूलाही. रबराची पट्टी ओढून काढली, कोल्हा-मांजर शिरू नये म्हणून फटींवर जाळी ठोकली. मग खाली बसला आणि खूप वेळ खोकत राहिला.

तपासणीतून कळलं की मोठी साथ नव्हतीच. औषधाच्या पाण्याची चव साहेबांना पसंत नव्हती, पण घरात दुसरं पाणी नव्हतं. आधी थोरलीच्या डोळ्यांतला फेस गेला. मग नकटीचा गाल उतरला, पण तिचं नाक पूर्वीइतकंच नकटं राहिलं. पाहुणी सगळ्यात आधी बरी झाली आणि मास्तरणीची जागा घेऊन इतरांना रांगेत लावू लागली. या कोंबड्यांत रोग थोडा लपून राहणारच, तेव्हा आता नवीन कोंबडी आणायची नाही आणि इथली कुणाला द्यायचीही नाही, असं बाईंनी बजावलं होतं.

मेहुणा आला तेव्हा रिकाम्या हातानं आला. फटीकडे बघून म्हणाला, “दाजी, हे काय? उंदरानं कुरतडलं?”

“बस,” मिस्त्री म्हणाला. “चहा घे.” आणि थोडं थांबून, “त्या कोंबडीचा दोष नव्हता एवढा.” मेहुण्याला काही कळलं नाही, पण दाजी एका दमात दोन वाक्यं बोलले म्हणून तो घाबरून लगेच बसला.

त्यानंतर एका सकाळी मिस्त्री रंधा घेऊन परसात गेला. फट निदान सरळ करावी, एवढं त्याच्या मनात होतं. साहेब आरवला. आवाजाला अजून थोडी खरखर होती, पण बांग पूर्ण होती.

“हात लावू नका फटीला,” स्वयंपाकघरातून बायको ओरडली. “आहे तशीच राहू दे.” आणि लगेच, त्याच दमात, “काय गं थोरले, आज अंडं देणार की मिस्त्रींसारखं नुसतं उभं राहणार?”

मिस्त्रीनं रंधा खाली ठेवला.

फट एका टोकाला दोन बोटं आहे आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ तीन.